रिसीव्हर अ, रिसीव्हर ब आणि दादाचे बोट

दि. ३, सोमवार

आज सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी घरात जाहीर केले की दादासाठी नवा रिसीव्हर घ्यायचा. वहिनी गोळ्या कुटत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारले, "कुणासाठी?" मी पुन्हा सांगितले, दादासाठी. त्यावर कुटण्याचा आवाज वाढला.

पार्श्वभूमी नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी "असे ठरलेच नव्हते" म्हणायला नको. माझा थोरला भाऊ, वय त्रेसष्ट, एकतीस वर्षे नाट्यगृहाच्या ध्वनिकक्षात बसून दुसऱ्यांचे आवाज सांभाळत आला. पाच महिन्यांपूर्वी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले, वाचा गेली, डावेही निपचित पडले. डाव्या हाताची तर्जनी तेवढी रोज संध्याकाळी, गाणी लावली की, हलत असे. डॉक्टरांच्या मते ती हालचाल हेतुपूर्वक नव्हती. गेल्या महिन्यात त्याच्या जुन्या रिसीव्हरचा, म्हणजे स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या यंत्राचा, ट्रान्सफॉर्मर जळाला आणि त्याच दिवसापासून बोटही थांबले. डॉक्टर म्हणतात, योगायोग. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि तीस वर्षे अंतर्गत लेखापरीक्षण करतो आहे. दोन खाती एकाच दिवशी बंद पडली तर मी योगायोग म्हणून सही करत नाही.

दुपारी दादाच्या मुलीचा फोन आला होता. "काका, एक तारखेपासून शुश्रूषा केंद्रात खाट मिळतेय. मी हो म्हणून टाकते."

"तो ऐकतो. त्याला समजतं," मी म्हणालो.

"काका, विषय तो नाहीये."

"विषय तोच आहे," असे म्हणून मी फोन ठेवला.

ज्याला काही कळत नाही असे ठरते, त्यालाच घराबाहेर हलवतात. तेव्हा त्याला कळते एवढे सिद्ध झाले की प्रश्न मिटला. महिनाअखेरीपर्यंत वेळ आहे. तेवढा पुरेल.

दि. ५, बुधवार

कार्यालय सुटल्यावर तीन दुकाने पाहिली. पहिल्या दोन ठिकाणी रिसीव्हर मागितला तर भिंतीला चिकटवायची एक लांबट पट्टी दाखवण्यात आली. "आता हेच चालतं, साहेब." दादाचे स्पीकर माणसाच्या छातीएवढे उंच आहेत. त्यांच्या जागी पट्टी लावणे म्हणजे गोठ्यातला बैल विकून भिंतीवर बैलाचे चित्र टांगणे.

तिसऱ्या दुकानातल्या विक्रेत्याने एका यंत्रावर हात ठेवून अभिमानाने सांगितले, "शंभर वॅट."

"किती वाहिन्या चालू असताना?"

"म्हणजे?"

मी माहितीपुस्तिका मागून घेतली. एकसष्टाव्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, हा आकडा एकच वाहिनी, म्हणजे एकच स्पीकर, चालवून काढल्याचे लिहिले होते. लबाडी नेहमी तळटिपेत राहायला असते. मी ते पान त्याच्यापुढे धरले.

"एवढं कोणी विचारत नाही, साहेब."

"मी विचारतो आहे."

त्याने दिवे मालवायला सुरुवात केली. वास्तविक दुकान बंद व्हायला वीस मिनिटे अवकाश होता.

दि. ८, शनिवार

सात यंत्रे, बारा निकष, एक तक्ता. सातांतून दोन उरली. त्यांना मी अ आणि ब म्हणतो, म्हणजे नाममाहात्म्याचा परिणाम नको. ब ची ख्याती मोठी. अ बद्दल कोणी फारसे बोलत नाही.

दोन्ही यंत्रे बाजारामागच्या गल्लीतल्या एका जुन्या दुकानात आहेत. दुकानदार इतका हळू बोलतो की त्याला सगळे 'कुजबुज' म्हणतात. मी दादाचे नाव सांगताच तो उठून उभा राहिला.

"ते एकदा माझ्याकडे आले होते. नवीन स्पीकर लावून दाखवले. ते नुसतं 'हं' म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी सगळा माल कंपनीला परत पाठवला."

दोन्ही यंत्रे पंधरा दिवस घरी ऐकून पाहायला तो कबूल झाला. पावती नको म्हणत होता. मी लिहून घेतली.

दि. ९, रविवार

यंत्रे आली. स्पीकरांच्या माथ्यावर वहिनींनी चादरी, पावडर, स्पंज, लंगोट यांचा बाजार मांडला होता. पेटीवर वजन असले की तिचा नाद बदलतो, म्हणून मी सर्व वस्तू उतरवून खोलीबाहेरच्या बोळात जमिनीवर रांगेने ठेवल्या.

"आता दर वेळी मी खाली वाकू?" वहिनींनी विचारले.

"तात्पुरती गैरसोय आहे," मी म्हणालो.

"तात्पुरती म्हणे. या घरात तात्पुरतं फक्त माझं जेवण असतं."

वहिनींचा स्वभाव अलीकडे चिडखोर झाला आहे.

ध्वनिमुद्रण दादाच्या आवडीचे निवडले. आधी एकटी बासरी, मग बेचाळिसाव्या सेकंदाला गायिका पहिला शब्द उचलते. अ वर लावले. दादा छताकडे पाहत राहिला. ब वर लावले. मधेच त्याची तर्जनी चादरीवरून वर उठली, क्षणभर थांबली आणि खाली आली.

पंचवीस दिवसांनंतर प्रथमच.

वहिनी म्हणाल्या, "माशी बसली असेल."

माशी नव्हती. मी खोली तपासली.

दि. ११, मंगळवार

आज रीतसर चाचणी घेतली. दहा फेऱ्या. प्रत्येक फेरीत एकच तुकडा अ वर आणि ब वर वाजवायचा. आधी कोणता, हे नाणे उडवून ठरवायचे. मी पलंगाच्या डोक्याशी, दादाला दिसणार नाही असा. वहिनींनी बोटावर लक्ष ठेवायचे आणि ते उठले की "वर" म्हणायचे. कितव्या सेकंदाला उठले तेही मी समासात टिपत होतो. त्याचा निकषांशी संबंध नव्हता, पण रकाना मोकळा होता.

व्यत्यय : चौथ्या फेरीत वहिनींना दादाची कूस बदलावी लागली, सहा मिनिटे गेली. सहाव्या फेरीत वहिनी कंबरेला हात लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. सातव्या फेरीत त्या खुर्चीतच झोपल्या, दोनदा हाक मारावी लागली. अशा बेफिकिरीने चाचण्या होत नाहीत, हे मी सौम्य शब्दांत त्यांच्या निदर्शनास आणले. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले तिच्यासाठी तक्त्यात रकाना नाही.

निकाल : ब वर दहांपैकी नऊ वेळा बोट उठले. अ वर एकदाही नाही.

निव्वळ नशिबाने असे शंभरात जेमतेम एकदा घडेल. तो ऐकतो, तुलना करतो आणि निवडतो! मी तत्काळ पुतणीला फोन लावला आणि निकाल वाचून दाखवला. ती म्हणाली, "मी रविवारी येते, काका. पण..." तिचे पण ऐकण्याची मला गरज वाटली नाही.

दि. १३, गुरुवार

कुजबुजकडे गेलो. निकाल सांगितला. तो हसला नाही. त्याने पुढे झुकून विचारले, "दोन्हींचा आवाज सारखा केला होता?"

"अर्थात. दोन्हींच्या पडद्यावर चाळीस."

त्याने कपाळाला हात लावला. "साहेब, तो आकडा ज्याचा त्याचा. याचं चाळीस म्हणजे त्याचं साठ. आणि मोठा आवाज सगळ्यांनाच बरा वाटतो. जो खपवायचा तो आम्ही हळूच मोठा करून दाखवतो. धंद्यातली पहिली युक्ती आहे ही. तुम्ही ती स्वतःवरच केलीत."

एका गोदामातले चाळीस डबे आणि दुसऱ्यातली चाळीस पोती मी सारखी धरली होती. कनिष्ठ लिपिकाने अशी चूक केली असती तर मी त्याला उभे केले असते.

त्याच्याकडून आवाज मोजण्याचे मीटर मागून आणले. घरी आल्यावर वहिनींना खरे ते सांगितले.

"नऊ आले होते ना? मग आता कशाला उकरताय?"

"ते नऊ खरे नाहीत."

"जन्मभर लोकांच्या चुका काढल्यात. आता कोणी उरलं नाही म्हणून स्वतःच्या काढायला बसलात?"

मी हो म्हणालो. खोट्या आकड्यावर दादा घरात राहिला, तर तो त्याच्या कानांचा अपमान होईल. पुन्हा चाचणी होईल. जे निघेल ते पुतणीपुढे ठेवीन.

दि. १५, शनिवार

मीटर दादाच्या उशीशी ठेवून दोन्ही यंत्रांचा आवाज तंतोतंत सारखा केला. अ चा आकडा त्यासाठी बराच वर न्यावा लागला. दहा फेऱ्या पूर्ण.

पहिली फेरी : अ, बोट वर, ४१वा सेकंद. ब, बोट वर, ४१वा सेकंद.
दुसरी फेरी : ब, वर, ४१. अ, वर, ४१.
तिसरी फेरी : तेच.
पुढे दहाव्या फेरीपर्यंत तेच.

प्रत्येक फेरीत दोन्ही यंत्रांवर बोट उठल्यामुळे एकाही फेरीत पसंती निश्चित होत नाही. शेरा : निर्णय नाही. चाचणी अयशस्वी.

हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला. तरीही कागद फाडणार नाही. उद्या पुतणी आली की तिच्या हातात देईन आणि म्हणेन, पुरावा नाही, पण मी हटत नाही. पुराव्याशिवाय हट्ट धरण्याची ही माझी पहिलीच वेळ असेल.

दि. १६, रविवार

सकाळी चहाचा कप ठेवायला जागा करताना वहिनींनी तो कागद उचलला. वाचला. पुन्हा वाचला.

"भाऊजी, वीसच्या वीस वेळा बोट वर आलं?"

"होय. म्हणूनच पसंती ठरत नाही."

"आणि दर वेळी एक्केचाळीसला?"

"होय."

"आणि ती गायला कधी लागते?"

"बेचाळीसला."

वहिनी खाली बसल्या. "तुम्हाला पदवी दिली कुणी हो? हे यंत्र बरं का ते, असं तुम्ही विचारत होतात. ह्यांनी कुठे त्याचं उत्तर दिलंय? हे कामावर आहेत."

मग त्यांनी मला सांगितले. लग्न ठरल्यावर दादा त्यांना एकदा ध्वनिकक्षात घेऊन गेला होता. रंगमंचावर कोणी तोंड उघडण्याच्या बरोबर आधी तो मदतनिसाला एक बोट दाखवायचा, की त्याने मायक्रोफोन खुला करायचा. आधी केला तर नुसता श्वास ऐकू येतो, उशिरा केला तर पहिला शब्द बुडतो. "मला म्हणाले, बघ, आता गाईल. आणि बोट वर. मला वाटलं, हेच तिला गायला लावताहेत."

पहिल्या चाचणीत अ चा आवाज लहान होता. एकट्या बासरीचे मंद सूर पलंगापर्यंत पोचलेच नव्हते. मी तक्ता पुन्हा पाहिला. मोकळा रकाना होता म्हणून भरलेला रकाना. मुख्य रकान्यात मी 'निर्णय नाही' असे दहा वेळा लिहिले होते आणि समासात माझा भाऊ वीस वेळा बोलला होता.

पुतणी अकरा वाजता आली. मी तिला बसू दिले नाही. कागद, मीटर, नाणे, सर्व मांडले. अ लावला. एक्केचाळिसाव्या सेकंदाला बोट उठले आणि गायिका गाऊ लागली. मी म्हणालो, "यावर डॉक्टरांना काय म्हणायचे असेल ते त्यांनी लेखी द्यावे."

पुतणीने दादाचा हात हातात घेतला होता. डोळे पुसून ती म्हणाली, "काका, मला माहीत आहे."

"काय?"

"बाबांना कळतं ते. मी आले की ते आधी माझ्या पायांकडे बघतात, चप्पल काढली का म्हणून. त्यांना कळत नाही असं मी कधी म्हटलं?"

मी वही उघडली. तीन तारीख. असे तिने खरोखरच म्हटले नव्हते.

"मग विषय काय आहे?" मी विचारले.

"आई," ती म्हणाली, "काकांना पट्टा दाखव."

"राहू दे गं."

"दाखव."

वहिनींनी पदर जरा बाजूला केला. कंबरेला चार बोटे रुंद पट्टा घट्ट आवळलेला होता.

"दोन महिने झाले," पुतणी म्हणाली. "हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलंय, आणखी सहा महिने असं उचललंत तर दुसरा पलंग मांडावा लागेल. मी बाबांना घालवत नाहीये, काका. आईला वाचवतेय. तुम्ही बोटाची नोंद सेकंदात ठेवलीत. हा पट्टा आहे का तुमच्या वहीत?"

नव्हता. चाचणीच्या नोंदीत वहिनींचा थकवा तीन ठिकाणी होता. तिन्ही ठिकाणी 'व्यत्यय' या शीर्षकाखाली.

एका गोष्टीची दुसरीशी तुलना करायची तर दोन्हींचे माप सारखे हवे, हे मी गुरुवारी शिकलो असे मला वाटले होते. प्रत्यक्षात या घरात एकाचे बोट आणि दुसरीची कंबर मी पाच महिने वेगवेगळ्या आकड्यांवर ऐकत होतो.

"एक तारखेपर्यंत मुदत आहे ना?" मी विचारले.

"आहे. पण काका, आता आणखी चाचणी नको हं."

"चाचणीच," मी म्हणालो. "माझी."

दि. १७, सोमवार

माझ्या खात्यावर दोनशे चौदा दिवसांची रजा शिल्लक आहे. तीस वर्षांत ती घेण्याचे कारण पडले नाही. मी सर्वच्या सर्व मागितली.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "तुम्ही? रजा? अहो, वार्षिक तपासणी तोंडावर आहे. लोक मागे तुम्हाला टाचणी म्हणतात, माहीत आहे ना? टाचणी काढली की कागद उडतात."

"मग ते कागद मुळातच नीट बांधलेले नाहीत. मी तसा शेरा सोडून जाईन."

"कारण 'कौटुंबिक आजारपण' लिहिलंय. भाऊ?"

"वहिनी," मी म्हणालो.

ते मंजूर करणार नाहीत असे दिसले. मी सांगितले की नामंजूर केल्यास दुसरा कागद खिशात तयार आहे आणि त्यात परतीची तारीख नाही. सही झाली. खिशात बसचे तिकीट होते. असत्य बोललो, नोंद करून ठेवतो.

दि. २०, गुरुवार

वहिनींना मुळीच विश्वास नव्हता. "भाऊजी, तुम्हाला स्वतःचा टॉवेल वाळत घालता येत नाही." तरी त्यांनी स्टुलावर बसून शिकवायला सुरुवात केली आहे. उचलायचे हातांनी नाही, गुडघ्यांनी. आधी खांदा, मग कंबर. दर दोन तासांनी कूस. तोंड वाकडे करायचे नाही.

आज पहिली अंघोळ घातली. पाण्याचे तापमान मी तापमापकाने मोजले होते, तरीही दादाने असा श्वास ओढला की मी तांब्या टाकला. साबण पलंगाखाली गेला. लंगोट उलटा बांधला. वहिनी हसता हसता कंबर धरून "नका हो हसवू, दुखतं" म्हणाल्या. दादाने माझ्याकडे पाहिले. एकतीस वर्षे त्याने ज्या नजरेने बेसूर गायक ओळखले, ती नजर मी आज ओळखली. मला ती मान्य आहे. उद्या पुन्हा करीन.

स्पीकरांवर चादरी पुन्हा रचल्या. नादात काय फरक पडतो तो पडो.

दि. २२, शनिवार

कुजबुजकडे ब परत केला.

"अ ठेवताय?" त्याने विचारले. "बाकी सगळे ब घेतात, साहेब."

"त्यांनी आवाज सारखा केलेला नसतो."

दि. २९, शनिवार

पुतणीचा फोन आला. या वेळी तिने मला काही विचारले नाही. "आईला द्या," म्हणाली. मी फोन दिला आणि बाहेर जायला निघालो. वहिनींनी हाताने थांबवले.

"हां, बोल. कसं म्हणजे? सावकाश करतात. एक अंघोळ म्हणजे अर्धा दिवस. पावडर तोलून घालतात की काय देव जाणे... नाही गं. नाही, ऐक. काल दुपारी मी झोपले. दोन तास. मधे कुणी हाक मारली नाही. उठले तर ह्यांची कूस बदललेली होती." मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "ती खाट दुसऱ्या कुणाला तरी दे. इथे आता दोघे आहोत."

दोनशे चौदा दिवस संपल्यावर काय, हे मला माहीत नाही. ज्याला माहीत असेल त्याने माझ्याशी वाद घालायला यावे. सकाळी दहा ते अकरा सोडून. त्या वेळी मी अंघोळ घालतो.

दि. १, मंगळवार

संध्याकाळी दादाचे संगीत चालू असताना शुश्रूषा केंद्रातून फोन आला. तिथल्या बाईंच्या नोंदवहीत अजून जुनीच नोंद होती.

"खाट तयार आहे. पेशंट किती वाजता येतील?"

"येणार नाहीत," मी म्हणालो. "ते कामावर आहेत."